प्लाझ्मातला शिअर तारतो की मारतो? हातातल्या प्रोफाइलवरून ठरवायची रीत

"सर, शिअर वाढवला की अस्थिरता कमी व्हायला पाहिजे न? मग वाढून काऊन राहिली?"

नागपुरात अमरावती रोडवरच्या विद्यापीठ कॅम्पसात एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पुस्तकाच्या एका प्रकरणात शेजारच्या थरांच्या वेगातला फरक, म्हणजेच शिअर, हे केल्विन-हेल्महोल्ट्झ अस्थिरतेचं मूळ असतं आणि पुढच्या एखाद्या प्रकरणात तोच फरक टोकामॅकच्या (चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्राच्या) कडेचा टर्ब्युलन्स, म्हणजे खळबळ, दाबून टाकतो. दोन्ही खरं आहे. कोणत्या प्रसंगी कोणतं खरं, हे ओळखायची रीत मात्र सहसा एका जागी सापडत नाही.

ही रीत ज्यांचा प्लाझ्मा फिजिक्सचा एक पेपर झाला आहे आणि ज्यांना थोडंफार पायथन येतं, त्यांच्यासाठी आहे. गांधीनगरजवळ भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत उन्हाळी प्रोजेक्टला जायचं असेल, तर जाण्याआधी एवढं हातानं करून पाहिलेलं बरं. माझं म्हणणं थोडक्यात असं: शिअरचा दर एकटा पाहून काहीच ठरत नाही. तो मूळ अस्थिरतेच्या वाढीच्या दराशी आणि चुंबकीय रेषांच्या ताणाशी ताडायचा, आणि शिअर स्वतःच किती ऊर्जा पुरवतोय हेही पाहायचं. क्रम हाच ठेवायचा.

आधी चित्र काढा

कागदावर तीन अक्ष काढा. चुंबकीय क्षेत्र झेडच्या दिशेनं, घनतेचा किंवा तापमानाचा उतार एक्सच्या दिशेनं, आणि प्रवाह वाय-झेड प्रतलात. आता प्रवाहाचे दोन तुकडे करा: क्षेत्राला लंब आणि क्षेत्राला समांतर. हे दोन तुकडे वेगळी कामं करतात, बरेचदा एकमेकांच्या विरुद्ध. सुरुवातीलाच ते वेगळे केले नाहीत, तर पुढचं सगळं गणित घोटाळ्यात जातं.

लंब तुकडा बहुतेक वेळा विद्युतक्षेत्रातून येतो. विद्युतक्षेत्र भागिले चुंबकीय क्षेत्र, एवढा त्याचा वेग. आयन असो की इलेक्ट्रॉन, दोघांना तो सारखाच मिळतो.

सिलिंडरसारखा प्लाझ्मा असेल तर एक सापळा लक्षात ठेवा. प्लाझ्मा घट्ट चाकासारखा फिरत असेल, तर त्रिज्येबरोबर वेग वाढतो, पण शिअर शून्य असतो, कारण शेजारच्या थरांमधल्या कणांचं एकमेकांपासूनचं अंतर कधीच बदलत नाही. म्हणून वेगाचा नुसता उतार घेऊ नका. आधी वेगाला त्रिज्येनं भागा, त्या भागाकाराचा उतार काढा आणि मग त्रिज्येनं गुणा. टोकामॅकच्या वाकड्या भूमितीसाठी याच विचाराचं सूत्र हाम आणि बरेल यांनी १९९५ मध्ये दिलं. तिथे विद्युतक्षेत्राला मोठी त्रिज्या आणि पोलॉइडल (छोट्या वळशाच्या दिशेचं) क्षेत्र यांच्या गुणाकारानं भागून मग उतार घेतात.

शिअरचा दर आणि मूळ अस्थिरतेचा दर

आकडे घेऊन चालू. समजा, चुंबकीय क्षेत्र २ टेस्ला आहे आणि कडेच्या २ सेंटिमीटर जाडीच्या थरात विद्युतक्षेत्र मीटरला १० किलोव्होल्टनं बदलतं. म्हणजे वेगातला फरक सेकंदाला ५ किलोमीटर. जाडीनं भागा: शिअर दर सेकंदाला अडीच लाख.

आता शिअर शून्य धरून अस्थिरता किती वेगानं वाढली असती ते काढा. हायड्रोजन प्लाझ्मा, तापमान २०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर आयन-ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १३८ किलोमीटर. घनतेच्या उताराची लांबी ५ सेंटिमीटर धरली, तर ड्रिफ्ट जातीच्या (घनतेच्या किंवा तापमानाच्या उतारावर पोसणाऱ्या) अस्थिरतेचा कच्चा दर म्हणून ध्वनिवेग भागिले उताराची लांबी, त्याचा दहावा भाग घ्या. येतो सेकंदाला पावणेतीन लाखांच्या आसपास.

अडीच लाख विरुद्ध पावणेतीन लाख. बरोबरीचा सामना. इथे घाईनं "शिअरनं अस्थिरता दबली" असं लिहू नका, कारण तो दहावा भाग हाच मुळात हातचा अंदाज आहे. वॉल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९४ च्या सुमारास सिम्युलेशनवरून मांडलेला अंगठेनियम असा की, शिअर दर कमाल वाढीच्या दराइतका झाला की टर्ब्युलन्स विझतो. पण "इतका" म्हणजे नेमका किती, हे भूमिती आणि अस्थिरतेच्या जातीप्रमाणे दीडपट-दुप्पट इकडेतिकडे होतं. गुणोत्तर अर्धा ते दोन यांच्यामध्ये असेल, तर निकाल काठावरचा आहे असंच लिहायचं आणि पुढे संगणकाला विचारायचं.

थर १ सेंटिमीटरचा करून पाहा. वेगफरक तोच, शिअर दर पाच लाख, गुणोत्तर १.८. आता दबण्याकडे कल आहे.

दबतं म्हणजे होतं काय? धंतोलीत असो की मोमिनपुऱ्यात, लंबी रोटी करणाऱ्याचे हात पाहिले असतील तर हे लगेच कळेल. गोळा तेवढाच, पण हातावर लांबत जातो तसा पातळ होत जातो. शिअरमधल्या भोवऱ्याचं तसंच होतं. प्रवाह त्याला वायच्या दिशेनं ओढतो, आणि एक्सच्या दिशेची त्याची रुंदी घटत जाते. वेव्हनंबरच्या भाषेत (लाट जितकी आखूड तितका वेव्हनंबर मोठा), वायचा वेव्हनंबर तसाच राहतो, एक्सचा मात्र शिअर दर गुणिले वायचा वेव्हनंबर गुणिले वेळ, एवढ्यानं सरकत जातो. टर्ब्युलन्समुळे उष्णता बाहेर जाते ती एक्सच्याच दिशेनं, त्यामुळे भोवऱ्याची ती रुंदी अर्धी झाली की विसरणाचा (डिफ्यूजनचा) अंदाज पाव होतो. आणि पातळ झालेला भोवरा श्यानतेच्या किंवा आयनांच्या फिरण्याच्या अंतराच्या तावडीत सापडून विरतो. बिगलरी, डायमंड आणि टेरी यांनी १९९० मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच. गार्शिंगच्या अॅस्डेक्स टोकामॅकवर वॅग्नर आणि सहकाऱ्यांना १९८२ मध्ये एच-मोड, म्हणजे उष्णता जास्त धरून ठेवणारी अवस्था, सापडला होता. कडेला अचानक उष्णता अडून राहते ती का, याचं पटेल असं उत्तर मिळायला पुढची आठेक वर्षं गेली.

शिअर स्वतःच आग लावतोय का?

बहुतेक जण वरच्या गुणोत्तरावर थांबतात. खरा घोळ इथून पुढे आहे.

थर १ सेंटिमीटरचा केला तेव्हा आपण शिअर दुप्पट केला. म्हणजे प्रवाहातच साठलेली मोकळी ऊर्जाही दाटली. वेगाच्या प्रोफाइलमध्ये वळणबिंदू असेल, तर केल्विन-हेल्महोल्ट्झला वाव आहे. रेलीची ही अट १८८० ची आहे. ती आवश्यक आहे, पुरेशी नव्हे.

टॅनएच (हायपरबोलिक टँजंट) आकाराच्या थराचा हिशेब पाठ करून ठेवावा असा आहे. वेग अर्धफरक गुणिले टॅनएच असा बदलत असेल, तर सर्वांत वेगानं वाढणाऱ्या लाटेचा वेव्हनंबर गुणिले अर्धी जाडी ०.४४ येतो, आणि वाढीचा दर येतो शिअर दराच्या ०.१९ पट. वेव्हनंबर गुणिले अर्धी जाडी १ च्या पुढे गेली की वाढच नाही. आपल्या उदाहरणात अर्धफरक अडीच किलोमीटर प्रति सेकंद आणि अर्धी जाडी अर्धा सेंटिमीटर. वाढीचा दर सेकंदाला सुमारे ९५ हजार, तरंगलांबी ७ सेंटिमीटर. म्हणजे जुनी ड्रिफ्ट अस्थिरता दबवली तरी तिच्या जागी तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या वेगाची नवी येऊ पाहते.

येते का पण? आता चुंबकीय रेषांचा ताण मोजा. घनमीटरला २ गुणिले १० चा १९ वा घात एवढे हायड्रोजन आयन धरले, तर २ टेस्लाला आल्फव्हेन वेग (चुंबकीय रेषेवरून लाट धावते तो वेग) सेकंदाला ९,८०० किलोमीटरच्या आसपास येतो. लाटेचा वेव्हनंबर क्षेत्राला अगदी लंब असेल, तर रेषा वाकतच नाहीत आणि ताण काहीच करत नाही. पण तो जरा कलला, की रेषा वाकवायला ऊर्जा लागते. समांतर वेव्हनंबर भागिले एकूण वेव्हनंबर हे गुणोत्तर वेगाचा अर्धफरक भागिले आल्फव्हेन वेग याहून मोठं झालं, की लाट स्थिर. आपल्या आकड्यांत ते गुणोत्तर ०.०००२५ येतं. म्हणजे एका मीटरला पाव मिलिमीटर कलणंसुद्धा पुरे!

इथे यंत्र कोणतं आहे यावर निकाल फिरतो. टोकामॅकमध्ये रेषांची दिशा थराथराला बदलते. हा चुंबकीय शिअर, प्रवाहाच्या शिअरचा नामसाधर्म्याचा भाऊ. दोघांची गल्लत करू नका. चुंबकीय शिअरची लांबी ५ मीटर धरली, तर थराच्या मध्यापासून अर्धा सेंटिमीटर सरकल्यावरच कलाचं गुणोत्तर ०.००१ होतं, गरजेच्या चौपट. लाटेला मोकळं राहायला उरतो तो मधला एक चिंचोळा पट्टा. म्हणून टोकामॅकच्या कडेला तीव्र शिअर असूनही केल्विन-हेल्महोल्ट्झ सहसा डोकं वर काढत नाही. याउलट सरळ, एकसारख्या क्षेत्राच्या लांब नळीसारख्या यंत्रात लाटेला लंब दिशा निवडायची मोकळीक असते, आणि तिथे ती खुशाल वाढते. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचा कोड अशाच एकसारख्या क्षेत्राचा असतो. त्याचा आलेख वर जातो तो यामुळे.

अवकाशातली उदाहरणंही याच गणितानं सुटतात. प्रवाह क्षेत्राला समांतर आणि दोन्हीकडे घनता व क्षेत्र सारखं असेल, तर वेगफरक आल्फव्हेन वेगाच्या दुपटीहून कमी असेपर्यंत सीमा स्थिर राहते. पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या कडेला शोभतील असे आकडे घ्या: घनसेंटिमीटरला १० प्रोटॉन, २० नॅनोटेस्ला, वेगफरक सेकंदाला २५० किलोमीटर. आल्फव्हेन वेग १३८, दुप्पट २७६. स्थिर. तेच क्षेत्र प्रवाहाला काटकोनात वळवा, ताण नाहीसा होतो आणि सीमेवर भोवरे गुंडाळले जातात. क्लस्टर उपग्रहांनी असे गुंडाळलेले भोवरे टिपल्याचा शोधनिबंध २००४ मध्ये आला.

आणि जिथे क्षेत्र शिअरला आवर घालण्याऐवजी त्याला मोकाट सोडतं, असंही एक ठिकाण आहे: ताऱ्याभोवती फिरणारी चकती. तिथलं कमजोर क्षेत्र आतल्या-बाहेरच्या थरांना जोडून कोनीय संवेग बाहेर नेतं आणि अस्थिरता कोनीय वेगाच्या पाऊण पटीनं वाढते. वेलिखोव्ह १९५९, चंद्रशेखर १९६०, आणि चकत्यांसाठी तिचं महत्त्व दाखवणारे बाल्बस-हॉली १९९१. तो वेगळा विषय आहे. "चुंबकीय क्षेत्र नेहमी स्थिरता देतं" हे वाक्य लिहिताना हात आखडावा म्हणून सांगितलं.

समांतर तुकड्याचा हिशेब

सुरुवातीला वेगळा काढून ठेवलेला समांतर वेग आता घ्या. त्याचा एक्सच्या दिशेतला उतार स्वतंत्र अस्थिरता पेटवू शकतो. डी'अँजेलो यांनी १९६५ मध्ये ती दाखवली. तिला वळणबिंदू लागत नाही, सरळ उतारही चालतो.

टोकामॅकमध्ये बीम (वेगवान अणूंचा झोत) मारून प्लाझ्मा टोरॉइडल दिशेनं, म्हणजे मोठ्या वळशानं, फिरवला की दोन्ही शिअर एकदम येतात. समांतर शिअर लंब शिअरच्या क्यू गुणिले मोठी त्रिज्या भागिले छोटी त्रिज्या, एवढ्या पटीत असतो (क्यू म्हणजे एका छोट्या वळशात रेषा किती मोठे वळसे घेते तो आकडा). क्यू २ आणि छोटी त्रिज्या भागिले मोठी त्रिज्या ०.१५ असेल, तर १३ पट. म्हणून बीमची ताकद वाढवत नेली की टर्ब्युलन्स आधी कमी होतो आणि एका मर्यादेपुढे समांतर शिअर त्याला पुन्हा खतपाणी घालतो. ही पट कमी असेल तिथे शिअरचा फायदा जास्त का मिळतो, याचं एक कारण हे.

फक्त आयगेनव्हॅल्यूवर विसंबू नका

शिअर असलेल्या समीकरणांचे आयगेनमोड (एकाच दरानं वाढणारे किंवा विरणारे आकार) एकमेकांना काटकोनात नसतात. परिणाम असा की एकेक मोड विरणारा असला तरी त्यांची बेरीज काही काळ चांगलीच फुगू शकते. ऑरनं १९०७ मध्ये हे पाहिलं होतं. साधं उदाहरण: सुरुवातीला एक्सचा वेव्हनंबर वायच्या पाचपट आणि शिअरच्या उलट दिशेला झुकलेला. शिअर त्याला आधी सरळ करतो, मग दुसरीकडे झुकवतो. सरळ होण्याच्या क्षणी ऊर्जा मूळच्या २६ पट झालेली असते, एक अधिक पाचाचा वर्ग. त्यानंतर ती उतरते.

लहर लहान असेल तर काही बिघडत नाही. पण या फुगवट्यात ती नॉनलिनिअर पातळी गाठेल एवढी मोठी झाली, तर टर्ब्युलन्स टिकतो, आणि लिनिअर विश्लेषण मात्र सगळं स्थिर म्हणत राहतं. टोकामॅकमध्ये या तात्पुरत्या वाढीचा घातांक वर सांगितलेल्या क्यूच्या पटीबरोबर वाढतो. म्हणून प्रोजेक्टमध्ये सुरुवातीचा व्यत्यय दोन आकारांचा ठेवून कोड चालवा: एक अगदी बारीक, एक दांडगा. दोन्हीचा शेवट वेगळा आला, तर तुमच्या हाताला काहीतरी खरं लागलं आहे.

संगणकावर

सुपरकॉम्प्युटर नको. साधा लॅपटॉप, नमपाय आणि सायपाय पुरतात. (मे महिन्यात नागपुरात रात्री चालवा, आणि कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका, ती हवा ओली असते.)

पहिला कोड चुंबकीय क्षेत्राशिवायचा लिहा. रेली समीकरण मॅट्रिक्सच्या रूपात मांडा: एकीकडे वेग गुणिले लाप्लासियन वजा वेगाचा दुसरा डेरिव्हेटिव्ह, दुसरीकडे नुसता लाप्लासियन. आयगेनव्हॅल्यूचा काल्पनिक भाग गुणिले वेव्हनंबर म्हणजे वाढीचा दर. पेटी अर्ध्या जाडीच्या किमान १५ पट दोन्ही बाजूंना, ३०० बिंदू, दोन्ही टोकांना शून्य. ०.४४ ला ०.१९ आणि १ ला शून्य आल्याशिवाय पुढे सरकू नका. लहान वेव्हनंबरला लाट लांब पसरते, तिथे पेटी मोठी करावी लागेल.

आयगेनव्हॅल्यूंची जी माळ वास्तव अक्षाला चिकटून दिसते, ती सलग वर्णपटाची सावली आहे. बिंदू ३०० चे ६०० करा. जागचा हलतो तो मोड खोटा, टिकतो तो खरा.

दुसऱ्या टप्प्यात चुंबकीय फ्लक्सचं समीकरण जोडा. मॅट्रिक्स दुप्पट मोठं होईल. लाटेच्या दिशेतला आल्फव्हेन वेग शून्यापासून वाढवत न्या. तो वेगाच्या अर्धफरकाइतका झाला की वाढ पूर्ण थांबलीच पाहिजे. थांबत नसेल तर चूक चिन्हात असते, फार करून फ्लक्सच्या समीकरणात.

तिसरा टप्पा वेळेबरोबर सोडवण्याचा. सरकत्या चौकटीत एक्सचा वेव्हनंबर बदलता ठेवा आणि वरचे २६ पट मिळतात का पाहा. जीन किंवा जीएस-२ सारखा टर्ब्युलन्सचा तयार कोड वापरणार असाल, तर तिथे वेव्हनंबर सलग सरकत नाही, जाळीवर उड्या मारतो. दोन उड्यांमधला वेळ म्हणजे एक्सच्या वेव्हनंबरचं जाळीतलं अंतर, त्याला शिअर दर आणि वायचा वेव्हनंबर यांच्या गुणाकारानं भागलेलं. वायचा वेव्हनंबर लहान असेल तर ही वाट लांबते, आणि तेवढा वेळ त्या लाटेला शिअर आहे हे कळतच नाही. निकाल विचित्र वाटला तर पेटी एक्सच्या दिशेनं दुप्पट करून जाळी बारीक करा आणि कोड पुन्हा चालवा.

नॉनलिनिअर धावेत आणखी एक भर पडते. टर्ब्युलन्स स्वतःच झोनल प्रवाह (थराला धरून वाहणारे पट्ट्यांसारखे प्रवाह) उभे करतो आणि त्यांचा शिअर उलट टर्ब्युलन्सलाच आवरतो. त्यामुळे तुम्ही बाहेरून दिलेला शिअर शून्य ठेवला तरी प्लाझ्मात शिअर असतोच. या प्रवाहांचा जो भाग भराभर चिन्ह बदलतो त्याचा दाब कमी पडतो, कारण भोवरा एका बाजूला पुरता ताणला जाण्याआधीच ओढ उलटी होते. म्हणून क्षणोक्षणीचा शिअर मोजून त्याची थेट वाढीच्या दराशी तुलना करू नका. आधी तो भोवऱ्याच्या आयुष्याएवढ्या काळावर सरासरी करा.

प्रत्यक्ष प्रयोगाशी ताडून पाहायचं असेल, तर इलेक्ट्रोड बायसिंगचे निबंध आधी वाचा. तिथे कडेला इलेक्ट्रोड घालून व्होल्टेज दिलं की शिअर बाहेरून हवा तसा देता येतो. अमेरिकेतल्या सीसीटी यंत्रावर १९८९ मध्ये अशा रीतीनं एच-मोड घडवला गेला. आपल्या आदित्य टोकामॅकवरही बायस दिलेल्या इलेक्ट्रोडनं प्लाझ्माचं फिरणं बदलून चुंबकीय मोडची वाढ रोखली आणि डिसरप्शन (प्लाझ्मा अचानक कोसळणं) टाळलं, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

प्रोजेक्टमध्ये काय मांडायचं

आलेखाच्या आडव्या अक्षावर शिअर दर भागिले शिअरविना कमाल वाढीचा दर घ्या, शून्यापासून तीनपर्यंत. उभ्या अक्षावर वाढीचा दर, आणि नॉनलिनिअर धाव असेल तर उष्णतेचा प्रवाह. केल्विन-हेल्महोल्ट्झची ०.१९ उताराची रेघ त्याच आलेखावर तुटक काढा, म्हणजे कुठली वाढ कुणाची हे परीक्षकालाही दिसेल. क्षेत्र एकसारखं की चुंबकीय शिअरसह, हे आलेखाखाली लिहाच. त्याशिवाय आलेखाला अर्थ नाही.

शेवटी शिअरचं चिन्ह उलटं करून सगळी मालिका पुन्हा चालवा. एकसारखं क्षेत्र, समांतर प्रवाह नाही आणि एक्समध्ये सममित मांडणी असेल, तर आकडे तंतोतंत तेच यायला हवेत. चुंबकीय शिअर आणि समांतर प्रवाह दोन्ही असतील, तर फरक खरा असू शकतो आणि तो अहवालात टाकण्यासारखा आहे. यांपैकी काहीच नसताना फरक आला, तर आधी कोडमधली सीमेची अट तपासा.